न झालेल्या भूकंपाचा हिशेब

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण. बोलताना मागेपुढे झालेले काही मुद्दे लिहिताना सरळ करून घेतले आहेत.)



वर्धापनदिनाला काही गोड बोलावे, अशी रीत आहे. मला मात्र आज भूकंपावर बोलावयाचे आहे, आणि तेही झालेल्या नव्हे, न झालेल्या. विषय कळविला तेव्हा आपल्या चिटणीसबाई हसून म्हणाल्या, "शुभ बोल नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली!" त्यांचे म्हणणे मला पटते. पण मांडव घालणारा जाणता माणूस कोपऱ्यात पाण्याची दोन पिंपे भरून ठेवतोच की नाही? त्याला कोणी अभद्र म्हणत नाही. माझे आजचे बोलणे म्हणजे ती पिंपे समजा आणि ऐकून घ्या.

ज्यांनी साठी ओलांडली आहे, त्यांना ११ डिसेंबर १९६७ ची पहाट सांगावयास नको. मी तेव्हा सात वर्षांची होते. आमचे घर पाटण तालुक्यात, दगडमातीचे. चार वाजून एकवीस मिनिटांनी पहिला आवाज ऐकू आला तो जमिनीचा नव्हे, माजघरातल्या उतरंडीचा. मांजर शिरले असे वाटून आजी "हाड हाड" करीत उठली. तेवढ्यात भिंतीतली माती अंगावर ओघळू लागली. आजीने मला गोधडीसकट उचलले आणि परसात नेऊन टाकले. आमच्या घरातले सगळे वाचले. पलीकडच्या घरातली माणसे वाचली नाहीत. पुढे कितीतरी दिवस आम्ही थंडीत मांडवाखाली झोपत होतो. त्या भूकंपात पावणेदोनशेच्या आसपास माणसे गेली, कोयनानगरची घरे मोडली, कोयनेची वीज थांबून दूर मुंबईलाही त्याचा फटका बसला. मोठी माणसे म्हणत, "देवाची करणी." मी लहान होते, मलाही तसेच वाटे. पण एक प्रश्न मनात राहून गेला: आमचे घर का राहिले आणि पलीकडचे का गेले? जमीन तर दोन्ही घरांखाली सारखीच हलली होती.

या प्रश्नाचे उत्तर मला फार उशिरा, आणि तेही परदेशात मिळाले. माझी मुलगी अमेरिकेत लॉस एंजलिसजवळ राहते. २०१९ च्या ऑक्टोबरात मी तिच्याकडे होते. १७ तारखेला, सकाळी बरोबर दहा वाजून सतरा मिनिटांनी, नातवाच्या शाळेतली झाडून सारी मुले एकदम बाकांखाली शिरली आणि बाकांचे पाय धरून बसली. मी फाटकापाशी उभी होते, माझ्या पोटात गोळा आला. मुलगी म्हणाली, "आई, खरा नाही, सरावाचा आहे. दरवर्षी करतात." कशाचा सराव? तर एका काल्पनिक भूकंपाचा. घरी आल्यावर तिने त्याचा साराच इतिहास मला सांगितला, आणि पुढचे पंधरा दिवस मी त्याच वाचनात घालविले.

कॅलिफोर्नियाच्या जमिनीत सान आंद्रेआस नावाची एक लांबच लांब भेग आहे. तिच्या दक्षिण भागात फार वर्षे मोठा भूकंप झालेला नाही, म्हणजे तिथे ताण साठत आहे. तो कधी सुटेल हे कोणालाच सांगता येत नाही, आणि जो तारीख सांगतो तो ठकवतो असे खुशाल समजा. म्हणून तिथल्या लोकांनी प्रश्नच फिरवला. भूकंप कधी होईल हे विचारावयाचे सोडून त्यांनी विचारले की झाला तर काय काय होईल? डॉ. ल्यूसी जोन्स या भूकंपशास्त्रज्ञ बाईंच्या नेतृत्वाखाली तीनशेहून अधिक तज्ज्ञ या कामाला लागले. त्यांत भूशास्त्रज्ञ होते, इंजिनियर होते, आग विझविणारे होते, डॉक्टर होते, अर्थशास्त्री होते. त्यांनी एक भूकंप कागदावर घडविला. त्याची तीव्रता ठरविली ७.८. वेळ ठरविली १३ नोव्हेंबर २००८, सकाळी दहा. भेग एका टोकाला फाटू लागणार, ती वायव्येकडे सुमारे ३०० किलोमीटर, म्हणजे इथून साधारण मुंबईइतकी, फाटत जाणार. आणि फाटायला सुरुवात कुठे? साल्टन सरोवराच्या काठी एक लहानशी वस्ती आहे, तिथे. तिचे नाव बॉम्बे बीच! वाचताना मला हसू आले. मुंबई काही पाठ सोडीत नाही.

आता हा हिशेब करतात कसा, ते सांगते. त्यात गूढ काही नाही. पन्नास पानांचा स्वयंपाक आपण अंदाजानेच करतो, पण तो अंदाज म्हणजे मनाला येईल तो आकडा नसतो. पाने किती, जेवणारे कोण, मुलेबाळे किती, हे आधी धरतो. इथेही तसेच तीन गोष्टी धरतात.

पहिली, कुठे किती हादरा बसेल. आपण "इतक्या रिश्टरचा भूकंप" म्हणतो तो आकडा साऱ्या भूकंपाला मिळून एक. चुलीतला जाळ एकच असतो; पण मधल्या भाकरीला तो वेगळा लागतो आणि कडेच्या भाकरीला वेगळा. तसा हादरा गावागणिक निराळा असतो. केवळ अंतरावरही ते नाही. ताटात खडीसाखरेचा खडा ठेवून ताट हलवा, आणि मग खरवसाची वडी ठेवून हलवा. कातळावरचे गाव खड्यासारखे हलते, नदीच्या गाळावरचे गाव खरवसासारखे थरथरत राहते. लॉस एंजलिस शहराचा मोठा भाग अशा गाळाच्या खोलगटात आहे. आणि आपले कऱ्हाड कृष्णा-कोयनेच्या संगमावर वसले आहे, हे लक्षात ठेवा.

दुसरी गोष्ट, त्या जागी उभे काय आहे. घरे किती, भिंती कशाच्या, मजले किती, पूल, नळ, तारा, दवाखाने. आपल्याकडे शिरगणतीला येणारी बाई "भिंत कशाची, छप्पर कशाचे" असे विचारते आणि आपण "लिही काहीही" म्हणून तिला वाटेला लावतो. खरे सांगते, मीही तसेच केले आहे. पण त्याच नोंदींवरून १९९७ मध्ये केंद्र सरकारच्या संस्थेने देशातल्या जिल्ह्याजिल्ह्याचा, कुठल्या भिंतींना किती धोका आहे हे दाखविणारा नकाशासंग्रह काढला.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: कुठल्या जातीचे घर किती हादऱ्याला काय होते. मागच्या भूकंपांत पडलेली घरे मोजून आणि प्रयोगशाळेत भिंती हलवून ही माहिती जमवितात. ती "हे घर पडेल, ते राहील" असे सांगत नाही. "अशा शंभर घरांत इतक्यांना भेगा पडतील, इतकी कोसळतील" एवढेच सांगते. लोणच्याच्या शंभर बरण्या घातल्या तर अंदाजे किती बुरसटतील हे आपल्याला अनुभवाने ठाऊक असते. कुठल्या, ते ठाऊक नसते. या तिन्ही गोष्टींची सांगड घातली की हिशेब बसतो. अमेरिकेच्या सरकारने त्यासाठी हॅझस नावाची संगणकाची पद्धतच केली आहे. त्यात एकच भूकंप तीन वेळांना घालून बघतात: रात्री दोन, दुपारी दोन आणि संध्याकाळी पाच. का, ते आपण बायकांना चटकन कळावे. रात्री माणसे घरात, दुपारी शाळेत नि कचेरीत, संध्याकाळी रस्त्यावर. भूकंप तोच, घरेही तीच. पण माणूस कुठल्या छपराखाली आहे यावर मरणाऱ्यांचा आकडा फिरतो.

तर त्या कागदावरच्या भूकंपाचे उत्तर काय आले? सुमारे १,८०० मृत्यू. दवाखान्यात न्यावे लागतील असे सुमारे ५०,००० जखमी. बंब बोलवावा लागेल अशा सुमारे १,६०० आगी, आणि मृत्यूंपैकी जवळजवळ निम्मे त्या आगींमुळेच, कारण नळ फुटल्यावर आग विझविणार कशाने? दूरवरून शहराला पाणी आणणारे मोठे कालवे ही भेग ओलांडूनच येतात. काही भागांत नळाला पाणी यायला महिने लागतील, असे निघाले. एकूण नुकसान २१,३०० कोटी डॉलर. यातला साधारण निम्माच पैसा मोडलेल्या-जळलेल्या वस्तूंचा आहे. बाकीचा बहुतेक थांबलेल्या कामाचा: बंद पडलेली दुकाने, कारखाने, कचेऱ्या.

इथे मला एक बोलल्यावाचून राहवत नाही. थांबलेल्या कामाच्या या रकान्यात कारखान्यातला मजूर आहे, दुकानातला नोकर आहे. पण नळ बंद पडल्यावर सहा महिने पाणी भरील कोण? दवाखाना भरून गेल्यावर घरी पाठविलेल्या दुखणाईताचे करील कोण? ते काम थांबत नाही, उलट दुप्पट होते, आणि त्याला पगार नसल्यामुळे हिशेबात त्याची किंमत शून्य. तीनशे तज्ज्ञांचा हिशेब, डोक्यावर बाई, तरी ही रीत तशीच. असो.

मी हे आकडे वहीत उतरून घेतले आणि त्यांच्यासमोर आपल्याकडचे आकडे लिहिले. ते लिहिल्यावर मला त्या रात्री झोप आली नाही. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ चा, तीव्रता ६.२. मरण पावलेले सुमारे ८,०००. ७.८ आणि ६.२ यांत दीडच आकड्याचा फरक दिसतो, पण तीव्रतेचा एक आकडा वाढला की शक्ती सुमारे ३२ पट होते. त्या हिशेबाने कॅलिफोर्नियाचा कल्पित भूकंप किल्लारीच्या सुमारे अडीचशे पट शक्तीचा. तिथे दोन कोटींहून अधिक माणसांची वस्ती, इथे जिरायत मुलखातली खेडी. तरी तिथे कागदावर गेलेली माणसे अठराशे आणि इथे खरोखरीची गेलेली आठ हजार.

सात वर्षांच्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर मला या दोन ओळींत मिळाले. तिथली बहुतेक राहती घरे लाकडी सांगाड्याची, हलकी. किल्लारी-सास्तूरची घरे गोल दगडांची, मातीत रचलेली. भिंती दोन-तीन फूट जाड, पण आतला थर आणि बाहेरचा थर यांना सांधणारा आरपार दगड नाही. वर माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारे ते माळवद, दर पावसाळ्याआधी नवी माती घालून घालून फूट-दोन फूट जाड झालेले. दहा बाय दहाच्या खोलीवर फूटभर माती म्हणजे चार टनांहून अधिक ओझे. आदल्या दिवशी गणपती बोळवून माणसे दमून निजली होती. पहाटे तीन छप्पन्नला भिंतीचे दोन थर एकमेकांपासून सुटले. जिथे छप्पर लाकडी खांबांवर होते, तिथे भिंत पडली तरी खांब उभे राहिले आणि खाली माणसे वाचली. बाहेर, ओट्यावर किंवा शेतात निजलेलेही वाचले. घरात निजावयाचे कोणी आणि ओट्यावर कोणी, हे आपल्या खेड्यांत कसे ठरते ते तुम्हांला माहीत आहे.

आणखी एक गोष्ट. त्या वेळच्या भूकंपाच्या सरकारी नकाशात लातूर पहिल्या विभागात, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या प्रदेशात होते. आदल्या वर्षी तिथे लहान धक्के बसले होते, तरी नकाशा तोच होता. भूकंपानंतर, २००२ च्या नकाशात, लातूर तिसऱ्या विभागात गेले आणि पहिला विभाग काढूनच टाकला. त्याच नकाशात आपला कोयनेचा परिसर चौथ्या विभागात आहे. "आपल्याकडे काही होत नाही" असे म्हणावयाची सोय आपल्याला तरी नाही.

वेळेचेही तसेच. किल्लारीला रात्र होती म्हणून घरांनी मारले. २६ जानेवारी २००१ ला कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा सकाळचे पावणेनऊ वाजले होते. अंजार गावात शाळेची मुले प्रजासत्ताकदिनाच्या फेरीत अरुंद गल्लीतून चालली होती. दोन्ही बाजूंची घरे त्यांच्यावर आली, शंभरावर मुले गेली. तीच मुले मैदानावर पोचली असती तर? आणि दोनशेहून अधिक किलोमीटर दूर अहमदाबादेत नव्या उंच इमारती कोसळल्या. त्यांतल्या पुष्कळांच्या तळाला गाड्या ठेवण्यासाठी नुसते खांब होते, भिंती नव्हत्या. म्हणजे जुने ते कच्चे आणि नवे ते पक्के, असाही भरवसा नाही. लॉस एंजलिसमध्येही अशीच, तळमजला पोकळ ठेवलेली लाकडी घरे हजारोंनी आहेत. कागदावरच्या भूकंपाचा हिशेब पुढे असल्यामुळे २०१५ मध्ये त्या शहराने कायदा केला आणि अशी सुमारे १३,५०० घरे मालकांनी ठराविक मुदतीत बळकट करून घ्यावीत असे ठरविले. आज तोच हिशेब पुन्हा केला तर आकडा खाली येईल. भविष्य सांगणाऱ्याचे भाकीत खोटे ठरले तर त्याची नाचक्की होते; हा हिशेब करणाऱ्याला मात्र आपला आकडा खोटा ठरावा हीच इच्छा असते.

अमेरिकेत पैसा आहे, म्हणाल. म्हणून लातूरचेच सांगते. बावन्न गावे नव्या जागी बांधली, ते सर्वांना माहीत आहे. पण जी घरे पडली नव्हती, नुसती खिळखिळी झाली होती, ती लाखांवर होती. त्यांच्या दुरुस्तीच्या योजनेत सरकारने स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या मदतीने गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायकांना "संवाद सहाय्यक" म्हणून नेमले. चौथी-सातवी शिकलेल्या बायका. त्यांनी घरोघर जाऊन सांगितले: माळवदाची जास्तीची माती उतरवा, भिंतीत भोक पाडून त्यात वाकवलेली सळी घालून काँक्रीट भरा, म्हणजे दोन थर एकमेकांना धरतील, दाराखिडक्यांच्या वरून चारही भिंतींना कवळणारा पट्टा घाला. गवंड्याने सिमेंट किती टाकले, ते त्या उभ्या राहून बघत. पुढे कच्छचा भूकंप झाल्यावर यांतल्या काहीजणी तिकडच्या बायकांना शिकवायला गेल्या. आपले मंडळही मंडळच आहे, आणि आपण हळदीकुंकवाखेरीज काही करतो की नाही, हा प्रश्न मी स्वतःलाही विचारते.

तेव्हा मी आणि दोघी मैत्रिणींनी गेल्या महिन्यात आपल्या आळीचा हिशेब केला. वही घेतली आणि प्रत्येक घरी पाच गोष्टी विचारल्या: भिंत कशाची, वर ओझे काय, रात्री निजतात किती, दुपारी असतात किती, बाहेर पडायला दारे किती. चहा भरपूर मिळाला. एका काकूंनी मात्र "जिवंत माणसे मरणाच्या वहीत लिहिता?" म्हणून दार लावून घेतले. त्यांच्यावर माझा राग नाही, आजीही तेच म्हणाली असती.

आळीत एकेचाळीस घरे. सतरा दगडमातीची. त्यांतल्या नऊ घरांवर पाण्याच्या टाक्या चढविलेल्या आहेत. हजार लिटरची टाकी भरली की टनभर ओझे होते, आणि तेही सर्वांत उंचावर. त्या नवांतले एक घर माझे आहे. मी भूगोल शिकविण्यात तीस वर्षे घालविली, आणि टाकी बसविताना नळवाल्याला फक्त भाव विचारला! बोळ पाच फुटांचा, दोन्ही बाजूंना दुमजली वाडे. नातवाच्या शाळेतले "बाकाखाली शिरा" हे आपल्या जड छपराच्या घरात पुरेसे नाही. दार जवळ असेल आणि बाहेर मोकळी जागा असेल तर बाहेर पडणेच बरे. पण बाहेर म्हणजे आमच्याकडे तो बोळ. अंजारची मुले माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत.

रात्रीचा हिशेब मांडला तो वाईट होताच. पण दुपारी दोनचा मांडला तेव्हा एक गोष्ट दिसली, जी रोज समोर असून कोणाला दिसली नव्हती. दुपारी आळीत पुरुषमाणूस जवळजवळ नसते. घरोघरी म्हाताऱ्या आणि सुना असतात, आणि सर्वांत जास्त माणसे एका छपराखाली असतात ती आपल्या मंडळाच्या बालवाडीत. सव्वीस मुले, एक शिक्षिका, एक मदतनीस. त्या खोलीची मागची भिंत आपली नाही, शेजारच्या बंद वाड्याची आहे. दगडमातीची, छपरापर्यंत गेलेली, आणि मधोमध तिला पोट आले आहे. मुले दुपारची निजतात ती त्याच भिंतीला डोकी करून, कारण तिकडे ऊन लागत नाही. सतरंजी तिथे घालावयाची असे कोणी सांगितले? मीच, बालवाडी सुरू झाली तेव्हा.

म्हणून माझे आपल्याकडे मागणे आहे. वार्षिक सभेत रंगमंचाच्या पडद्यासाठी आणि ध्वनिक्षेपकासाठी जो निधी जमला आहे, तो यंदा त्या भिंतीकडे वळवावा. वाड्याचे मालक पुण्याला असतात; त्यांना मी भेटले, ते खर्च देणार नाहीत, पण काम करू द्यायला तयार आहेत. किल्लारीला वापरलेलीच रीत: आरपार सळ्या, वरून पट्टा, आणि वरचा सुटा त्रिकोण उतरवून तिथे पत्रा. एका इंजिनियर मुलीने भिंत पाहून अंदाजपत्रक करून दिले आहे. ते चिटणीसबाईंकडे आहे, ज्यांना पाहावयाचे त्यांनी पाहावे. पडदा पुढच्या वर्षी घेऊ. नाटकात काम करणाऱ्या भगिनींनी माझ्यावर रागवावे, माझी हरकत नाही.

काम होईपर्यंत सतरंजी पुढच्या बाजूला, दारापाशी घालावयाची, हे मी शिक्षिकाबाईंना कालच सांगितले आहे. ऊन येते, तिथे गोणपाटाचा पडदा लावला. माझी टाकी परवा उतरली; ती आता परसात जोत्यावर आहे आणि वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही म्हणून सून कुरकुरते. बाकीच्या आठ टाक्यांच्या मालकिणी आज इथे बसल्या आहेत, त्यांची नावे मी घेत नाही. ज्यांनी अजून वहीत घर लिहविले नाही त्यांच्याकडे आम्ही तिघी येत्या रविवारी चार वाजता, देवळाच्या टोकापासून सुरुवात करून येऊ. ज्या काकूंनी दार लावून घेतले होते, त्यांच्याकडे सर्वांत शेवटी, चहाच्या वेळेला.